डेटाबेस भरला आणि अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या

अंबड एमआयडीसी, नाशिक
दि. २ एप्रिल २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हिस्टॉरिकल डेटाच्या नोंदी कोणतीही सूचना न देता बंद पडल्याबाबत

महोदय,

आमचं हीट ट्रीटमेंटचं युनिट आहे. गिअर आणि शाफ्ट कार्बुरायझिंगला (पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कठीण करायला) येतात, भट्टी ९२० ते ९३० अंशांवर चालते. तुमचं स्काडा (यंत्रांवर नजर ठेवून आकडे नोंदवणारं) सॉफ्टवेअर २० जानेवारीला सुरू केलं, ते मुख्यतः नोंदींसाठीच.

२१ मार्चला ग्राहकाचे ऑडिटर आले. त्यांनी १२ मार्चच्या रात्रपाळीतल्या एका बॅचचा टेम्परेचर चार्ट मागितला. ट्रेंड उघडला, तर १० मार्चनंतर रेषाच नाही! स्क्रीनवर आकडे नेहमीसारखे हलत होते, त्यामुळे एकाही ऑपरेटरला शंका आली नव्हती. ग्राहकाने अकरा दिवसांचा सगळा माल होल्डवर टाकला. नमुने कापून केस डेप्थ, म्हणजे कठीण थराची जाडी, तपासून द्यावी लागली. सहा वर्षांचा विश्वास आहे म्हणून तेवढ्यावर भागलं.

तुमच्या माणसांनी डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस २०१९ मध्ये टाकला होता. त्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा असते. आमचे टॅग, म्हणजे नोंदवायचे सिग्नल, ६०, प्रत्येकाची दर सेकंदाला नोंद, म्हणजे दिवसाला ५१,८४,००० ओळी. एका ओळीला इंडेक्ससकट ४० बाइट धरले तरी रोजचे दोनशे एमबी होतात. सात आठवड्यांत फाइल भरणारच होती. हा हिशेब कमिशनिंगच्या दिवशी पाच मिनिटांत झाला असता.

फोनवर उपाय मिळाला, ‘जुना डेटा डिलीट करा.’ आधी बॅकअप घ्या, हेही कोणी सांगितलं नाही. तो आम्ही आपणहून घेतला. दुसरा उपाय, सगळ्या टॅगना पाच अंशांचा डेडबँड लावा, म्हणजे आकडा पाच अंशांनी बदलला तरच नोंद होईल. फाइल लहान होईल हे खरं, पण भट्टी हळूहळू चार अंश सरकली तर नोंदीत ते दिसणारच नाही. आम्हाला नेमकं तेच बघायचं असतं.

भट्टीच्या झोनना अर्ध्या अंशाचा डेडबँड आणि दहा सेकंदांचा अंतराल पुरतो. क्वेंच ऑइलचं (तापलेला माल बुडवून थंड करायच्या तेलाचं) तापमान मिनिटाला एकदा चालेल. दरवाजा, बर्नर यांसारख्या ऑन-ऑफ सिग्नलची नोंद बदल झाला तरच व्हावी. असं टॅगनिहाय सेटिंग तुमच्या माणसाने इथे येऊन करून द्यावं. दर महिन्याची वेगळी आर्काइव्ह फाइल बनावी आणि ती आपोआप दुसऱ्या डिस्कवर जावी. डेटाबेस ८० टक्के भरला की अलार्म वाजावा, आणि नोंद थांबली तर त्याच क्षणी स्क्रीनवर लाल पट्टी यावी. डिस्क लागली तर आम्ही घेऊ. पण हे काम वॉरंटीत आहे, त्याचे पैसे देणार नाही.

१५ एप्रिलपर्यंत इंजिनिअर पाठवावा आणि या बिघाडाचं कारण कंपनीच्या लेटरहेडवर लेखी द्यावं. ते ग्राहकाला सादर करायचं आहे.

आपला,
मेंटेनन्स विभागप्रमुख