हिरवा उजेड म्हणजे खात्री नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नांवरच्या लेखांत ओपल म्हटले की सप्तरंगी झळाळीचीच वर्णने येतात. रंगहीन, पारदर्शक ओपल, म्हणजे हायअलाइट, त्यांत क्वचितच दिसतो. म्हणून तो हाती आला की लोक एक तर काच समजून बाजूला टाकतात, नाहीतर जांभळ्या टॉर्चखाली हिरवा चमकला की लगेच खरा ठरवतात. ही दुसरी चूक जास्त नडते, कारण युरेनियम मिसळलेली काचही तशीच हिरवी चमकते.

हायअलाइटची चमकही अत्यल्प युरेनियमचीच. मेक्सिकोतल्या झाकातेकासचे नमुने उन्हातसुद्धा हिरवट दिसतात. इतर ठिकाणचे काही २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखालीच उजळतात, काही अजिबात नाही. हा दिवा काचेच्या कपाटाबाहेरून मारून उपयोग नाही, ती किरणे साध्या काचेतच अडतात. नमुना बाहेर काढावा, अंधार करावा आणि डोळ्यांवर अतिनील किरण रोखणारा चष्मा हवाच.

रंगांचा खेळ नाही म्हणून खडा खोटा, हेही चूक. रंगीत ओपलमध्ये सिलिकाचे सारख्या आकाराचे सूक्ष्म गोळे शिस्तीत रचलेले असतात, रंग त्या रचनेमुळे दिसतात. हायअलाइटमध्ये ती रचनाच नाही. ज्वालामुखी खडकांच्या पोकळ्यांत तो द्राक्षांच्या घडासारखा साचतो.

सुट्या खड्यासाठी खरी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे याची. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. आधी खड्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. थेंब शोषला गेला तर तो सच्छिद्र हायड्रोफेन ओपल, त्याला पाण्यात बुडवू नये. शोषला नाही तर कोरडे वजन घ्यावे. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि खडा बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा टांगावा. कोरडे वजन ४.२० आणि आता काटा २.०० दाखवत असेल, तर ४.२० भागिले २.०० म्हणजे २.१०. हायअलाइट या आकड्याच्या आसपास येतो. खिडकीची काच साधारण २.५, स्फटिक (क्वार्ट्झ) २.६५. खड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा खाली ओढतो, म्हणजे लहान काचेला ओपल ठरवू शकतो. म्हणून पाणी उकळून गार केलेले घ्यावे, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. ग्रॅमपेक्षा हलक्या खड्यावर मात्र या काट्याचा भरवसा धरू नये. तिथे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो (वक्रीभवनांक) ते मोजणारे यंत्र, वापरावे. हायअलाइटचे वाचन १.४६ च्या आसपास आणि एकच येते, स्फटिकाची १.५४४ आणि १.५५३ अशी दोन. काही काचाही १.४६ जवळ येतात, त्यामुळे जमेल तिथे दोन्ही परीक्षा कराव्यात. पोलारिस्कोपवर, म्हणजे ध्रुवित प्रकाशात खडा तपासण्याच्या यंत्रावर, विसंबू नये, कारण आतल्या ताणामुळे काच आणि हायअलाइट दोन्ही उजळ-काळे पट्टे दाखवतात.

खडकावरच्या नमुन्याचे वजन करता येत नाही. तिथे भिंगाखाली खडा आणि खडक यांचा सांधा पाहावा. खडा गोंदाने चिकटवलेला असेल तर त्या गोंदात अनेकदा बुडबुडे सापडतात.

दागिन्याला डाग द्यायचा, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून सांधा जोडायचा, असेल तर आधी खडा काढून घ्यावा. त्यात साधारण ३ ते ८ टक्के पाणी असते आणि ज्योतीच्या उष्णतेने तो तडकतो. वाफेने किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात धुऊ नये. धुळीतल्या वाळूची कठीणता ७, याची ५.५ ते ६.५, त्यामुळे कोरड्या फडक्याने पुसण्याआधी पाण्याखाली धरावा.

आपले,
रत्नपरीक्षण करणारे काही वाचक