पुण्याहून फोन आला तर

सोलापूर

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू म्हणालास, "आई, साठीच्या पुढच्या माणसाची किडनी घ्यायची नाही, चांगली मिळेपर्यंत थांबू." माझ्यासाठी तुझा जीव तुटतो, ते कळतं मला. पण फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मृत दात्याच्या किडनीसाठी माझं नाव यादीत आहे; किडनी मिळतेय असा पुण्याहून फोन रात्री-अपरात्रीही येऊ शकतो. काढलेली किडनी थंड ठेवतात, पण तिचा एकेक तास मोलाचा असतो. २४ तासांच्या आत बसवलेली बरी. त्यात इथून पुणं अडीचशे किलोमीटर, शिवाय क्रॉसमॅच, म्हणजे माझं रक्त दात्याच्या पेशींवर उलटत नाही ना ती तपासणी, जुळायला हवी. तेव्हा चर्चा करत बसता येणार नाही. म्हणून माझं आत्ताच ठरलंय: दात्याच्या नुसत्या वयावरून नकार द्यायचा नाही.

६० च्या पुढचा दाता, किंवा पन्नाशीतला पण रक्तदाब, दीडच्या वर क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते), पक्षाघाताने मृत्यू यातल्या दोन गोष्टी असलेला, अशांच्या किडनीला डॉक्टर 'मार्जिनल' म्हणतात. ती तरुण दात्याच्या किडनीपेक्षा सरासरी कमी वर्षं चालते, तुझं म्हणणं खरं आहे. पण मला तरुण किडनी आणि म्हातारी किडनी यातून निवडायचं नाहीये रे. एकीकडे ती किडनी, दुसरीकडे डायलिसिसची खुर्ची. माझ्या वयाच्या, त्यातून मधुमेह असलेल्या माणसाला वाट बघत राहण्यातच धोका जास्त. हृदय थकतं, अधूनमधून इन्फेक्शन होतं, आणि मग ऑपरेशन झेपेल की नाही हाच प्रश्न पडतो. शेजारच्या खुर्चीवरच्या अक्कलकोटच्या मावशींचं नाव याच कारणाने यादीतून काढलं.

तू मे महिन्यात इथे नसतोस. पारा ४२ च्या वर जातो आणि मी दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवते. औषधाच्या गोळ्याही त्यातल्याच घोटाने. दुपारी जीभ टाळूला चिकटते, तेव्हा बाबा माझ्यासमोर पाणी पीत नाहीत, आत जाऊन पितात. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी चिरून तासन्‌तास पाण्यात ठेवायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. शेंगाचटणी तर घरातच करत नाही आता.

दाता अपघातातला असेल आणि क्रिएटिनिन ३ आहे असं सांगितलं, तरी दचकू नकोस. दवाखान्यात आणलं तेव्हा किती होतं ते विचार. आधी १ असून रक्तदाब पडल्यामुळे चढलं असेल, तर अशी किडनी बहुधा सावरते. बसवल्यावर काही दिवस डायलिसिस चालू ठेवावं लागेल, एवढंच. बायोप्सीत बरीच किडनी निकामी दिसली किंवा दात्याला पसरणारा कॅन्सर होता, तर मात्र मी नको म्हणेन. तसं डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

माझ्या जागी तू असतास तर मीच तुला थांब म्हटलं असतं. तिशीतल्या माणसाला किडनी पुढची कितीतरी वर्षं पुरवायची असते. मला तेवढी नकोत. दहा वर्षं धड गेली तरी खूप.

तुझी किडनी देण्याचा विषय पुन्हा काढू नकोस. बाबांची तयारी होती, त्यांची शुगर आडवी आली. आमच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये नवऱ्याला, मुलाला किडनी देणाऱ्या बायकाच जास्त दिसतात. बाईसाठी घरचे असे धावतात हे पाहून नर्ससुद्धा बोलून दाखवतात. मला ते पुरे आहे.

शनिवारी येशील तेव्हा बाबांना हे सगळं समजावून सांग. फोन तेच उचलतील आणि वय ऐकून गडबडतील. फाइल देवघराच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, गाडीसाठी शेजारच्या महेशला सांगून ठेवलंय. तुला विचारायला फोन आला, तर त्यांना निघा म्हण आणि तूही थेट पुण्याला ये.

तुझी,
आई