रणछोडदास कोणाला म्हणावे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांत ‘रणछोडदास’ हमखास भेटतो. गेल्या आठवड्यात तर अर्ज मागे घेणाऱ्या सात उमेदवारांना आपल्या अंकाने थेट मथळ्यातच ‘रणछोडदास’ म्हटले. माझे बालपण बडोद्यात गेले. वर्गात दोन रणछोड होते, आणि मुलगा पळपुटा निघावा म्हणून काही कोणी त्यांचे नाव ठेवले नव्हते. म्हणून हे पत्र.

रणछोड म्हणजे रण सोडून गेलेला, हे खरेच. नाव पडले ते कृष्णाला. भागवताच्या दहाव्या स्कंधात जरासंध १७ वेळा मथुरेवर चालून येतो आणि हरून परततो. अठराव्या स्वारीच्या तोंडावर कालयवन ३ कोटींची फौज घेऊन वेढा घालतो. एकाशी लढावे तर दुसरा मागून येऊन लोकांना कापून काढणार. तेव्हा कृष्ण समुद्रात द्वारका उभारतो, मथुरेची माणसे तिकडे हलवतो आणि मग नि:शस्त्र बाहेर पडून कालयवनाच्या डोळ्यांदेखत पळत सुटतो. कालयवन त्याला हिणवत मागे धावतो, गुहेत झोपलेल्या मुचकुंद राजालाच कृष्ण समजून लाथ मारतो आणि त्याच्या नजरेने जळून जातो. महाभारताच्या सभापर्वात तर जरासंधाच्या भीतीने आम्ही मथुरा सोडली, हे कृष्ण स्वतःच युधिष्ठिराला सांगतो. आधी रयत हलवली, मग देव पळाला. हा क्रम विसरला की शब्दाची नुसती शिवी उरते.

गुजरातेत ती शिवी राहिलीच नाही. डाकोरला रणछोडरायाच्या, म्हणजे कृष्णाच्या, मंदिरात पौर्णिमेच्या गर्दीत ‘जय रणछोड, माखणचोर’ अशी आरोळी उठते. एक पळपुटेपणाचा आरोप, दुसरा चोरीचा, आणि दोन्ही जयजयकारात! देवाला ‘विठ्या’ म्हणणाऱ्या जनाबाईच्या मुलखात हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय डाकोरचे आजचे मंदिर १७७२ मध्ये बांधले ते गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या पेशव्यांच्या सावकाराने. म्हणजे रणछोडरायाला छप्पर मराठी माणसाच्या पैशाचे आहे. आणि मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेल्या मोरारजींचे पूर्ण नाव मोरारजी रणछोडजी देसाई. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात त्यांना आपण काय काय म्हटले, ते सोडा. पण मैदान सोडून जाणारा गडी म्हणून त्यांची ख्याती नव्हती.

व्याकरणाचाही एक मुद्दा आहे, थोडा मास्तरकीचा. रणछोडदास म्हणजे रणछोडाचा दास. आपल्या मथळ्यातले ते सात उमेदवार त्या हिशेबाने एका रात्रीत कृष्णभक्त झाले!

टोमणाच मारायचा तर आपल्या घरात शब्दांची ददात नाही. कच खाल्ली, शेपूट घातली, काढता पाय घेतला, अंग काढून घेतले. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. कच खाणारा ऐन वेळी धीर सोडतो. अंग काढून घेणारा घाबरलेला नसतो, त्याला जबाबदारी नको असते. आणि ‘पळपुटा’ आहेच. १८०२ च्या ऑक्टोबरात होळकरांनी हडपसरला लढाई जिंकली तेव्हा दुसरा बाजीराव पुणे तसेच टाकून निघाला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून बसला. तो शब्द त्याला कायमचा चिकटला. १६८९ मध्ये राजाराम महाराजही रायगडावरून निसटले, पार जिंजीला गेले. त्यांना कोणी पळपुटा म्हटले नाही, कारण तिथून राज्य पुन्हा लढू लागले. दोघेही निघून गेले. पण भाषेने दोघांचा हिशेब वेगवेगळा ठेवला.

दुपारी तीनच्या आत अर्ज मागे घेणाऱ्यांतही सगळे एका माळेचे मणी नसतात. कोणी पक्षादेशाने थांबतो, कोणी मुळात मतविभागणीसाठी उभा केलेला असतो, कोणाची समजूत कशी काढली गेली ते गावाला ठाऊक असते. यांतल्या कोणीही आधी द्वारका वसवलेली नसते.

राहता राहिला जागेचा प्रश्न. मथळ्यात ‘माघार’ तीन अक्षरांत मावते. ‘रणछोडदास’ला सहा लागतात.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक