बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, तांपेरेहून

तांपेरे, फिनलंड
नोव्हेंबरअखेर

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, सईला अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. आई, परवा फोनवर चेहरा उतरलेला दिसला तो उजेड नव्हता म्हणून. इथे आता साडेतीनलाच अंधारतं. खोकला केव्हाच गेला. पोळ्या घरीच करते. रात्री बसने एकटीने यायला इथे खरोखरच भीती नाही, दादालाही सांग.

बाबा, इथलं सरकार एका मुलाच्या शाळेवर किती खर्च करतं, हा तुमचा प्रश्न लक्षात आहे. माध्यमिक शाळेतल्या एका मुलामागे इथलं सरकार वर्षाला साधारण दहा हजार युरो खर्च करतं. रुपयांत नऊ-दहा लाख. पण आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या तुमच्या मंडळींना हा आकडा नुसता सांगू नका. इथे शिक्षकाचा पगार, शाळा हिवाळाभर गरम ठेवणं, सगळंच महाग. दरडोई उत्पन्नाशी ताडून बघितलं तर तो साधारण पाचवा हिस्सा होतो. आपलं दरडोई उत्पन्न दोन लाखांच्या घरात, त्याचा पाचवा हिस्सा चाळीस हजार, म्हणजे आपल्याकडे त्याच तोलाचा खर्च तेवढाच. हे माप लावलं की दोन देशांतली दरी बरीच कमी दिसते.

खरा फरक दुसरीकडे आहे. सईची फी, क्लास, गाइडं, व्हॅन हे सगळं दादाच्या खिशातून जातं, आणि सरकारी खर्चाच्या आकड्यात त्यातला एक पैसा दिसत नाही. माझ्या शेजारणीची मुलगी सईच्याच वयाची. तिच्या शाळेला घरून काहीच द्यावं लागत नाही. दुपारचं गरम जेवण १९४८ पासून सगळ्यांना फुकट. अकरावी-बारावीची पुस्तकं इथेही पालकच घ्यायचे. २०२१ मध्ये सक्तीचं शिक्षण अठरा वर्षांपर्यंत नेलं, तेव्हा पुस्तकं, लॅपटॉप, शेवटच्या परीक्षेची फी सरकारने उचलली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, मध्यान्ह भोजन आठवीला संपतं. म्हणजे खर्च वाढायला लागतो नेमका तिथेच सरकारचा हात सुटतो.

आणि बाबा, सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेलीत सुरू केलं, १९०६ मध्ये साऱ्या बडोदा संस्थानात. फिनलंडचा सक्तीचा कायदा १९२१ चा! ऑफिसात हे सांगताना ऊर भरून आला. मग वाईटही वाटलं. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा म्हटलं. २०२० च्या धोरणातही तेच सहा टक्के गाठायचे आहेत. तुम्ही शाळेत रुजू झालात तेव्हाही हा आकडा कागदावर होता, निवृत्त झालात तेव्हाही.

वहिनी, कर फार कापतात हे खरं, पण तो कुठे जातो ते दिसतं. इथली एक रीत मात्र अजून माझ्या पचनी पडलेली नाही. दर वर्षी नोव्हेंबरात कर खातं लोकांचं आदल्या वर्षाचं उत्पन्न आणि भरलेला कर सगळ्यांना खुला करतं. शेजाऱ्याची कमाई हवी? कर खात्याला फोन करून विचारायची. मंत्री, डॉक्टर, दुकानदार, कोणीही. मोठी कमाई करणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून येतात, लोक चहा पिताना वाचतात, आणि फारसं कोणी रागावत नाही. समोरासमोर मात्र पगार विचारणं असभ्य! मी शेजारणीला कारण विचारलं. ती म्हणाली, शाळा सगळ्यांच्या पैशावर चालते, मग कोणी किती भरलं ते सगळ्यांना कळायला नको का? बडोद्याच्या दांडिया बाजारात असं झालं तर काय होईल याचा मी पुष्कळ विचार केला.

पण माझ्या करातून इथल्या मुलींची पुस्तकं येतात आणि सईची दादा एकटा घेतो, हे मनाला फार लागतं. म्हणून दादाच्या खात्यात पन्नास हजार टाकलेत, सईच्या अकरावी सायन्सच्या क्लासचे. दादा, परत करायची भाषा नको. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी रजा तू काढलीस, थेंब तू घातलेस. मी इथून फक्त फोन करत होते. बारावीचं पण मीच बघणार.

मंदाआत्याच्या संदीपच्या लग्नाला येणं जमत नाही. रजा मिळत नाही, तिकीटही डिसेंबरात दुप्पट. आहेर माझ्या नावाने करा, आत्याला साडी चांगली घ्या, पैसे वेगळे पाठवते. तिची समजूत आईच काढू शकेल.

आई, पुण्याच्या स्थळाला माझी ना नाही. त्यांना माझा नंबर दे, आधी आम्हाला बोलू दे. मात्र मी मे महिन्यात येईपर्यंत शब्द देऊ नका. तिशी उलटेल ही काळजी मला कळते, तुझी झोप जाते हेही कळतं. पण इथली नोकरी सोडायची का, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय मी ठरवणार नाही.

बाबांच्या डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख कळवा. लीलो चेवडो पाठवायची घाई नको, मेमध्ये येऊन खाईन.

तुमची,
मुक्ता