पिव्हट आणि दोन दिवाळ्या

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकाच्या साइटवर कोणत्या देशातून, कोणत्या वाटेने वाचक येतात ते पाहण्यासाठी तू अजून फाइल उतरवून एक्सेलमध्ये रकाने मांडतोस, हे कळलं आणि राहवेना. हे काम कोडकडे सोपव. तुझी ती जुनी स्क्रिप्ट मात्र दुरुस्त करत बसू नकोस. साइटचे वाचक मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सच्या साध्या खात्यांनी १ जुलै २०२३ पासूनच नवी माहिती घेणं बंद केलं. पिव्हट, म्हणजे आकड्यांची गटवार मांडणी, त्या काळी फक्त वाढीव रकान्यांपुरती असे. गूगलच्या आताच्या डेटा एपीआयमध्ये, म्हणजे कोडने आकडे मागवायच्या सोयीत, 'रनपिव्हटरिपोर्ट' अशी स्वतंत्र विनंती आहे आणि तिच्यात ओळी हाही एक पिव्हटच असतो.

तुझ्यासाठी दोन पिव्हट पुरेत: पहिल्यात देश, दुसऱ्यात चॅनल, म्हणजे सर्च, ईमेल, सोशल वगैरे. डायमेन्शनच्या, म्हणजे देश-चॅनलसारख्या गुणांच्या, यादीत नाव लिहिलं तरी ते कुठल्या तरी पिव्हटमध्ये घातल्याशिवाय उत्तरात दिसत नाही. एकच डायमेन्शन दोन पिव्हटमध्येही चालत नाही.

प्रत्येक पिव्हटला 'लिमिट', म्हणजे जास्तीत जास्त किती नोंदी हव्यात तो आकडा, द्यावंच लागतं. सगळ्या लिमिटांचा गुणाकार २,५०,००० च्या वर गेला की विनंती परत येते. दोन्हीकडे १००० लिहिलंस तर तो १० लाख होतो. देशांना ५० आणि चॅनलना २५ दे, भरपूर झालं. पण लिमिटबाहेरचं उत्तरात येतच नाही, म्हणून पिव्हटच्या शीर्षकांसोबत येणारा 'रोकाउंट' दर वेळी तपास. लिमिट काहीही असलं तरी एकूण देश किती ते तो सांगतो. शिवाय पहिल्या पिव्हटमध्ये सेशन्सचा (भेटींचा) उतरता क्रम लाव. तो न लावता पहिले ५० मागितले, तर ते सगळ्यात मोठे ५० असतील याचा भरवसा काय?

उत्तरात तयार तक्ता मिळत नाही. देश, चॅनल आणि आकडा अशा सुट्या ओळी येतात, आकडेसुद्धा मजकुराच्या रूपात. तक्ता पांडाज या पायथनच्या लायब्ररीत आपण उभा करायचा आणि रिकाम्या घरांत शून्य भरायचं, कारण ज्या जोडीला काहीच घडलं नाही तिची ओळ सहसा येत नाही.

आता खरं महत्त्वाचं. वाचकसंख्येच्या घरांची आडवी बेरीज कधीच करू नकोस. न्यू जर्सीतला वाचक सोमवारी ईमेलमधून आला आणि गुरुवारी सर्चमधून, तर तो दोन्ही घरांत मोजला जातो. अंकाच्या किती प्रती बाहेर पाठवायच्या हे तुम्ही त्या बेरजेवरून ठरवणार असाल, तर आकडा फुगलेला असेल आणि छपाईचा खर्च अंगावर येईल. देशागणिक वाचक हवे असतील तर चॅनल काढून वेगळी विनंती कर. पेज व्ह्यूजची बेरीज खुशाल कर, तिथे ही अडचण नाही.

दोन वर्षांची तुलनाही तुला हवी आहे. तारखांचे दोन टप्पे एकाच विनंतीत देता येतात, पण 'डेटरेंज' हे खास नाव एखाद्या पिव्हटमध्ये घालावं लागतं. ते राहिलं तर दोन्ही वर्षांचे आकडे एकात एक मिसळून येतात आणि एररही येत नाही. टप्पे महिन्याप्रमाणे तर मुळीच पाडू नकोस. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. नोव्हेंबरला नोव्हेंबर लावलास तर एका वर्षी अंकाच्या विक्रीचे ऐन भराचे दिवस आत येतात आणि दुसऱ्या वर्षी बाहेर राहतात. दोन्ही टप्पे लक्ष्मीपूजनापासून मागे सारखेच दिवस मोजून ठरव आणि त्यांना नावं दे, म्हणजे उत्तरात कुठला कोणता ते शोधावं लागणार नाही.

सर्व्हिस अकाउंटचा, म्हणजे स्क्रिप्टसाठी काढलेल्या गूगल खात्याचा, ईमेल साइटच्या प्रॉपर्टीत (मोजणीच्या खात्यात) व्ह्यूअर, म्हणजे फक्त पाहणारा, म्हणून जोड, एवढ्या परवानगीवर भागतं. पहिलं उत्तर आलं की त्याची जेसन फाइल तशीच मला पाठव, रविवारी दोघं मिळून पाहू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू