मंत्रिमहोदय, तो सावकार आहे हे मीच सिद्ध करायचं का?

मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी कोपरखैरण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. मंत्र्यांना पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

गेल्या सोमवारी पोस्टमन आला तेव्हा मी कणीक मळत होते. सही केली आणि पाकिटावर पिठाची बोटं उमटली. मी एका सावकाराविरुद्ध अर्ज केला होता, त्यावर आपल्या खात्याच्या एका कार्यालयाचं पत्र आत होतं. सदर इसम अवैध सावकारी करतो याचा पुरावा अर्जदाराने सादर न केल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. त्याच कार्यालयातल्या साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "ताई, पंधरा दिवसांत झडती घेतो, तुम्ही निर्धास्त राहा." त्याला पाच महिने झाले. मी सात हेलपाटे घातले, प्रत्येक हेलपाट्याला एका वेळचे डबे बुडाले. झडती झालीच नाही, मग पुरावा येणार कुठून?

आणि बुधवारी कोर्टाचं समन्स आलं. चेक वटला नाही म्हणून माझ्यावर केस. रक्कम साडेचार लाख.

साहेब, मी घेतले होते एक लाख. मिस्टर एपीएमसीच्या घाऊक बाजारात भाड्याचा टेम्पो चालवतात. त्यांच्या पायाचं ऑपरेशन अडलं होतं. बँकेने पगाराची स्लिप मागितली, पतपेढीने दोन जामीनदार मागितले. रोज दीडशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला स्लिप कोण देणार? मग बाजारातल्या एकाने दहा टक्क्यांनी पैसे दिले. दहा टक्के म्हणजे महिन्याला, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात नव्वद हजार ठेवले. पाच कोरे चेक सह्या करून घेतले, स्टँप पेपरवर 'हातउसने' असं लिहून घेतलं. सव्वीस महिने मी दहा-दहा हजार दिले. दोन लाख साठ हजार झाले. पावती एकही नाही. एकदा मागितली तर म्हणाला, "विश्वास नाही का वहिनी?"

आता त्याच पाचातला एक चेक कोर्टात आहे. माझी सही निळ्या बॉलपेनाची, घाईत केलेली, शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलेलं. वरची रक्कम आणि तारीख काळ्या जेल पेनाने, सुबक अक्षरात. साध्या डोळ्यांना दिसतं.

मी कायदा वाचला. भाचीने मोबाइलवर काढून दिला, रात्री भांडी आवरल्यावर वाचत बसायचे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014. परवान्याशिवाय सावकारी केली तर 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कर्ज दिलं तेव्हा परवाना नसेल तर सावकाराचा वसुलीचा दावा कोर्टाने फेटाळायचा, हे कलम 13. परवाना असला तरी शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर व्याज नाही, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. माझा हिशोब करा. वर्षाला अठरा हजार, म्हणजे सव्वीस महिन्यांचे एकोणचाळीस हजार. मुद्दल धरून एक लाख एकोणचाळीस हजार. मी त्याच्या जवळजवळ दुप्पट देऊन बसले आणि तरी गुन्हेगार मी!

वकील म्हणतात, एकदा कुणाला पैसे दिले म्हणून कुणी सावकार ठरत नाही, तो धंदाच आहे हे दाखवावं लागतं. ते मला पटतं. माझ्या बहिणीनेही मला वीस हजार दिलेत, ती काही सावकार नाही. पण भाचीने कोर्टाच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर या सावकाराचं नाव टाकलं तर चेकच्या अकरा केसेस निघाल्या. अकरा! केसपर्यंत न गेलेले वेगळेच. आमच्या दोन गल्ल्यांतच मी तीसएक घरं मोजलीत, एखाददुसरं इकडेतिकडे होईल. इतक्या लोकांना लाखांनी 'हातउसने' देणाऱ्याकडे एवढी रोकड येते कुठून, ती त्याच्या इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दिसते का, हे कुणी विचारलं का? माझ्या कापडी पिशवीतल्या चिठ्ठ्या मात्र तीन वेळा तपासल्या.

पुरावा त्याच्या कपाटात आहे. लाल डायरी आहे, रबर लावलेले चेकचे गठ्ठे आहेत, लोकांची एटीएम कार्डं आहेत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते कपाट उघडायचा अधिकार कायद्याने तुमच्या अधिकाऱ्यांना दिलाय, मला नाही. मी उघडायला गेले तर चोर ठरेन. पोलीस म्हणतात हे दिवाणी आहे, तुमचं कार्यालय म्हणतं साक्षीदार आणा. ज्या घरांच्या दारात वसुलीची पोरं मोटरसायकल लावून बसतात, त्या घरातून कोण येणार साक्षीला? शेजारची म्हणाली, "ताई, माझं नाव नको गं." तिचा कोरा चेक अजून त्याच्याकडे आहे.

माझं माहेर पुणे जिल्ह्यातल्या सुप्याकडचं. 1875 साली तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं काढून जाळली, तेव्हा इंग्रजाने चौकशी आयोग नेमला आणि चार वर्षांत कायदा केला. परक्या सरकारला जे कळलं ते आपल्या सरकारला कळायला आमच्यापैकी कुणी जीव द्यायला हवा का? मतं मागायला दारात येता तेव्हा 'माता-भगिनी' म्हणता. बँकांनी दार लावलं, पोलिसांनी हात वर केले, तुमच्या खात्याने कागद निकाली काढला. आम्ही जायचं कुठे? माझी मुलगी बारावीला आहे आणि बेल वाजली की पुस्तक मिटून आतल्या खोलीत जाते. हे कुठल्या कलमात बसवायचं?

माझा अर्ज पुन्हा उघडा, झडती घ्या आणि बोलणाऱ्यांची नावं गुप्त ठेवा. तेवढं होईपर्यंत निदान एक करा. परवान्यांची नोंदवही तुमच्याच खात्यात आहे, ती बघायला साक्षीदार लागत नाही. ज्या दिवशी मला नव्वद हजार मिळाले त्या दिवशी या माणसाकडे सावकारीचा परवाना होता की नव्हता, एवढी एक ओळ सही-शिक्क्यानिशी द्या. वकील म्हणतात ती कोर्टापुढे ठेवता येईल. माझी तारीख पुढच्या महिन्याच्या 14 ला आहे. 13 ला संध्याकाळपर्यंत मिळाली तरी चालेल, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपली,
कोपरखैरण्याची एक पोळी-भाजीवाली