ब्रिटन बाहेर पडला, वाटाघाटी मात्र चालूच आहेत : वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

२४ जुलै २०२५ रोजी ब्रिटिश पंतप्रधानांच्या चेकर्स येथील निवासस्थानी भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर आपण देशाच्या वतीने सही केलीत, तेव्हा नाशिक जिल्ह्यात द्राक्ष निर्यातीत असलेल्या आम्हा मंडळींना मनापासून आनंद झाला, हे आधीच नमूद करतो. या पत्रात त्या कराराविषयी तक्रार नाही. हे पत्र ब्रिटनच्या युरोपीय संघाशी चाललेल्या दुसऱ्या एका वाटाघाटीविषयी आहे. त्या वाटाघाटीत भारत पक्षकार नाही, आपल्याला तिथे खुर्ची नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे तिची दखल परदेशातली एक बातमी यापलीकडे घेतली जात नाही. आमच्या मालाचे भवितव्य मात्र बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून राहणार आहे.

ब्रेक्झिट म्हटले की २३ जून २०१६चे सार्वमत आठवते, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के हा निकाल आठवतो, आणि ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा विषय संपला असे धरले जाते. त्या दिवशी संपले ते फक्त सभासदत्व. बाहेर पडल्यावर शेजाऱ्याशी व्यापार कोणत्या नियमांनी करायचा, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता आणि आजही पुरता सुटलेला नाही. तो तसा का राहिला, हे पाहिल्याशिवाय माझी मागणी आपल्याला नीट कळणार नाही, म्हणून थोडे मागे जातो.

संघातून बाहेर कसे पडायचे याची तरतूद युरोपीय संघाच्या कराराच्या कलम ५० मध्ये आहे, आणि ती बाहेर पडणाऱ्याच्या सोयीसाठी लिहिलेली नाही हे पहिल्याच वाचनात लक्षात येते. नोटीस दिली की दोन वर्षांची मुदत सुरू होते. ती वाढवायची तर उरलेल्या सर्व देशांची एकमुखी संमती लागते. आणि मुदतीत करार झाला नाही तर सभासदत्व आपोआप संपते. घड्याळ पहिल्या दिवसापासून समोरच्याच्या बाजूने चालते. अशा वेळी आपल्याला नेमके काय हवे हे आधी घरात ठरवावे आणि मगच नोटीस द्यावी, एवढे साधे व्यवहारज्ञान कुठल्याही बाजार समितीतला व्यापारी सांगेल. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ रोजी नोटीस दिली, ८ जूनला मुदतपूर्व निवडणूक घेऊन हातचे बहुमत घालवले, आणि १९ जूनला त्यांचे मंत्री डेव्हिड डेव्हिस वाटाघाटींसाठी ब्रुसेल्सला पोहोचले. आधी नागरिकांचे हक्क, ब्रिटनने संघाला द्यायची रक्कम आणि आयर्लंडची सीमा, व्यापाराचे नंतर, असा क्रम युरोपीय संघाने धरला होता. या क्रमावरून आपण उन्हाळाभर भांडणार, असे डेव्हिस यांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी तो क्रम मान्य झाला. पुढच्याच महिन्यात निघालेल्या एका छायाचित्रात युरोपीय संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निये यांच्या बाजूला कागदांचे गठ्ठे आणि ब्रिटिश बाजूचे टेबल रिकामे दिसते. एका छायाचित्रावरून फार निष्कर्ष काढू नयेत हे मला मान्य आहे, पण नंतरच्या घटनांनी ते छायाचित्र खोटे पाडले नाही.

यात ब्रिटिश अधिकाऱ्यांचा दोष फारसा नव्हता. १९७३पासून ब्रिटनच्या वतीने व्यापार करार करण्याचे काम ब्रुसेल्समध्ये होत असे, त्यामुळे त्या कामाची सवय असलेली माणसे लंडनमध्ये कमी उरली होती. त्यांचे युरोपीय संघातील राजदूत सर इव्हान रॉजर्स यांनी जानेवारी २०१७मध्ये पद सोडताना हीच उणीव लेखी दाखवून दिली होती. खरे घोडे पेंड खात होते ते मंत्रिमंडळात. एकल बाजार (सर्व सभासदांना मालाचे एकच नियम) आणि जकात संघ (बाहेरच्या मालावर सर्वांची एकच जकात) दोन्ही सोडणार असे मे यांनी त्याच जानेवारीत जाहीर केले होते, पण सोडून काय घ्यायचे यावर त्यांच्या सहकाऱ्यांचे एकमत नव्हते. जुलै २०१८मध्ये चेकर्सलाच, म्हणजे जिथे आपण सही केलीत तिथेच, एक मसुदा ठरला आणि काही दिवसांत डेव्हिस आणि बोरिस जॉन्सन या दोघांनी राजीनामे दिले. १५ जानेवारी २०१९ रोजी मे यांचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. युरोपशी दीड वर्ष बोलून आणलेला कागद घरातच नामंजूर झाला.

आयर्लंडच्या सीमेचे भिजत घोंगडे तर शेवटपर्यंत राहिले. ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि संघातच राहिलेले आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर पुन्हा नाके उभे राहिले तर १९९८च्या शांतता कराराला धक्का लागणार, आणि नाके नकोत तर दोन्ही बाजूंचे मालाचे नियम एकच हवेत. ही गाठ ऑक्टोबर २०१९मध्ये सैल झाली ती तोवर ब्रिटनचे पंतप्रधान झालेले जॉन्सन आणि आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या भेटीनंतर. वराडकरांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, त्यामुळे आमच्याकडे त्या बातमीचे कौतुक जास्त झाले, तोडग्याकडे कमी लक्ष गेले. तोडगा असा होता की मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड युरोपच्या नियमांत राहील आणि तपासणी आयरिश समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये होईल. त्यावरूनही पुढे इतका वाद झाला की फेब्रुवारी २०२३मध्ये विंडसर येथे नवी चौकट ठरवावी लागली. आमच्यासाठी याचा अर्थ असा, की बर्मिंगहॅमच्या दुकानात जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीला कीटकनाशकांच्या अंशाची ब्रिटिश मर्यादा लागते आणि थेट उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला उतरणाऱ्या पेटीला युरोपीय.

व्यापाराचा करार अखेर २४ डिसेंबर २०२०ला झाला, ३० तारखेला एका दिवसात ब्रिटिश संसदेतून गेला आणि १ जानेवारीपासून लागू झाला. शून्य शुल्क, कोट्याची मर्यादा नाही. ऐकायला याहून चांगले काय असणार? पण शुल्क गेले तरी सीमा आली, आणि सीमेवर कागद आले. स्कॉटलंडचे बियाण्याचे बटाटे युरोपला जाणे बंद झाले, कारण ते आता संघाबाहेरच्या देशातले बियाणे होते. कित्येक ठिकाणचे जिवंत शिंपले शुद्धीकरणाशिवाय युरोपात नेता येईनात, आणि १८ जानेवारी २०२१ला मासळीवाल्यांचे ट्रक थेट लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांसमोर निषेधासाठी उभे राहिले. ब्रिटनने स्वतःच्या बाजूची तपासणी मात्र अनेकदा पुढे ढकलली. अन्नमालाची प्रत्यक्ष तपासणी एप्रिल २०२४च्या अखेरीस कुठे सुरू झाली. या सगळ्याचा परिणाम म्हणून देशाची आयात आणि निर्यात दीर्घकाळात १५ टक्क्यांनी कमी राहील, असा अंदाज त्यांच्याच अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने धरला आहे.

आता आमच्याकडे येतो. पूर्वी रॉटरडॅमला उतरलेल्या कंटेनरमधला माल एकदा जकात भरली की खरेदीदाराच्या सोयीने जर्मनीतही जाई आणि इंग्लंडातही. आज रॉटरडॅमला जकात भरून सोडवलेला माल इंग्लंडला पाठवला तर तिथे तो पुन्हा आयात ठरतो. त्यांच्या आपसातल्या शून्य शुल्काची सवलत त्यांच्याच मूळच्या मालाला आहे, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाला नाही. निर्यातदार यावर ट्रान्झिटचे, म्हणजे माल वाटेत जकात न भरता पुढे नेण्याचे, कागद करून किंवा थेट ब्रिटिश बंदरात माल पाठवून मार्ग काढतात. अडचण कागदांपेक्षा कमाल अवशेष मर्यादांची, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला एमआरएल म्हणतात त्यांची, जास्त आहे. २०२१पासून ब्रिटनने या मर्यादा स्वतः ठरवायला सुरुवात केली आणि काही औषधांच्या बाबतीत दोन्हीकडचे आकडे वेगळे होत गेले. एकाच बागेतला एकच घड एका देशात चालतो आणि दुसऱ्या देशात चालत नाही, हे बागाईतदाराला समजावून सांगणे किती अवघड असते याची आपल्याला कल्पना करता येईल.

हे चित्र आता पुन्हा उलटे फिरणार आहे. १९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात जे ठरले, त्यात अन्न, वनस्पती आणि कीटकनाशके यांच्या नियमांबाबत ब्रिटनने युरोपच्या बदलत्या नियमांबरोबर चालत राहावे, अशा कराराचा मार्ग मोकळा करण्यात आला. नियम युरोप करणार, ते घडत असताना ब्रिटनला मत मांडता येणार, पण मतदान करता येणार नाही, आणि युरोपीय कायद्याचा अर्थ लावण्यात शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा. ज्या नियमांपासून मोकळे होण्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच नियमांकडे मतदानाचा हक्क गमावून परत यायचे, यावर ब्रिटिश मतदारांनी काय म्हणावे हे ते पाहतील. मला त्यात चूकही दिसत नाही. शेजारी एवढी मोठी बाजारपेठ असताना दुसरे काय करणार? प्रश्न आपला आहे. आपला करार ज्या ब्रिटनशी झाला, त्या ब्रिटनचे अन्नविषयक नियम पुढे ब्रुसेल्समध्ये बदलत जाणार आहेत.

याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १ मे २०१४पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू यांवर बंदी घातली, कारण काही मालात फळमाशी सापडली होती. हापूसचे युरोपातले मुख्य गिऱ्हाईक ब्रिटन; तिथल्या भारतीय दुकानदारांनी आणि खासदारांनी आवाज उठवला, पण ब्रिटन सभासद असल्यामुळे त्याला एकट्याने बंदी उठवता येत नव्हती. आंब्यावरची बंदी २०१५च्या सुरुवातीला उठली ती आपल्याकडची प्रक्रिया आणि तपासणी सुधारल्यावर. त्याआधी २०१०मध्ये द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने युरोपने माल अडवला होता. छाटणीनंतर वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन तेव्हा आपल्या निर्यातपूर्व तपासणीत नव्हतेच. त्या हंगामात ज्यांचे कंटेनर अडकले त्यांतले काही पुन्हा निर्यातीच्या वाटेला गेले नाहीत.

नियम कडक आहेत ही माझी तक्रार नाही. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही निर्यात द्राक्षांची नोंदणी व तपासणी व्यवस्था आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीत औषधांची यादी यांमुळे आम्ही कडक नियम पाळायला शिकलो आहोत. अडचण तारखेची आहे. आमची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, कोणते औषध कधी मारायचे हे तेव्हाच ठरते, जानेवारीपासून तोडणी सुरू होते, आणि लाल समुद्रातल्या हल्ल्यांनंतर जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हापासून माल पोहोचायला आणखी वेळ लागतो. लंडनने समजा एखाद्या फेब्रुवारीत युरोपचे सगळे आकडे एकदम लागू केले, तर ऑक्टोबरात पूर्णपणे नियमानुसार फवारलेला आणि भर समुद्रात असलेला माल बंदरात पोहोचेपर्यंत नियमबाह्य ठरेल. कोणाची चूक नसताना दंड भरायचा तो बागाईतदाराने.

म्हणून विनंती अशी, की ब्रिटन-युरोप वाटाघाटी आपल्या खात्याने स्वतःच्या समजून त्यांच्यावर लक्ष ठेवावे. भारत-ब्रिटन कराराखाली ज्या संयुक्त समित्या बसतील, त्यांच्यासमोर हा विषय पहिल्याच बैठकीत ठेवावा आणि दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, मर्यादांमध्ये होणाऱ्या प्रत्येक बदलाची पूर्वसूचना. दुसरी, बदल लागू होण्याची तारीख ठरवताना निर्यातदार देशातील पीक हंगामाचा विचार. निदान ज्या हंगामात फवारणी जुन्या नियमांनी झाली त्या हंगामाचा माल जुन्या नियमांनीच तपासला जावा. जागतिक व्यापार संघटनेत असा संक्रमण काळ साधारणपणे सहा महिन्यांहून कमी नसावा असे मान्य झालेले आहे, परंतु आमच्या पिकाला छाटणीपासून विक्रीपर्यंत त्याहून अधिक काळ लागतो, हे तिथे कोणीतरी सांगितले पाहिजे. युरोपीय आकडे लागू होणार हे आता जवळपास नक्की असेल, तर मांजरीच्या केंद्राला आजच सांगावे, की पुढच्या यादीत ब्रिटनसाठी वेगळी सैल मर्यादा धरून कोणी चालू नये, आणि ही सूचना मराठीत, छाटणीच्या आधी, गावोगावच्या द्राक्ष बागाईतदारांपर्यंत पोहोचावी.

आणखी एक गोष्ट, थोडी बाजूची. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार करारात न जाण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हाही वाणिज्य मंत्री आपणच होता. त्या निर्णयाविषयी मतभेद आहेत, आणि तो चुकला असे म्हणणाऱ्यांत माझे काही मित्रही आहेत. परंतु गटात शिरण्याआधी दारातून परत फिरणे आणि ४७ वर्षांनी आतून बाहेर पडणे यांतला फरक ब्रिटनच्या वाटाघाटी पाहिल्यावर कळतो. यापुढे ज्या ज्या करारावर आपण सही कराल, त्यातून बाहेर पडण्याचे कलम कोणत्या मुदतीचे आहे, बाहेर पडल्यावर आधीच निघालेल्या मालाचे काय होते, आणि समोरचा देश स्वतःचे नियम तिसऱ्याच्या हाती देऊ शकतो का, हे तीन प्रश्न संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीपुढे सहीच्या आधी यावेत.

पुढची गोडी छाटणी सुरू होण्यापूर्वी पहिल्या दोन मागण्यांवर आपल्या खात्याचे उत्तर जाहीर व्हावे, ही अपेक्षा.

कळावे,

आपला विश्वासू,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष निर्यातदार